जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावर विंडोज ९८ : छापखान्यातला पीसी पुन्हा उभा करताना

छापखाना

राम राम मंडळी,

आमच्या प्रेसमध्ये सेलेरॉनचा एक डबा आहे. इंटेल ८१० चिपसेट, २५६ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन, पेजमेकर ६.५ आणि पॅरलल पोर्टाला डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा ठोकळा) लावल्याशिवाय न उघडणारं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर. देवस्थानाच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सगळं यातूनच निघालं. नवी कामं केव्हाच युनिकोडवर गेली. तरी अधूनमधून कुणीतरी येतं आणि म्हणतं, "मागची स्मरणिका आहे ना तुमच्याकडे? तीच काढा, विश्वस्तांची नावं तेवढी बदला." आली का पंचाईत.

तर या डब्याची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. फाइली सीडीवर होत्या, त्यामुळे झोप उडाली नाही. पण विंडोज टाकायचं कशावर? ४० पिनी आयडीई (जुन्या रुंद केबलीची जोडणी) डिस्क नवी मिळत नाही. जुन्या बाजारात मिळते, पण वीस वर्षं फिरलेली तबकडी पैसे मोजून आणायची म्हणजे दुखणं विकत घ्यायचं. आमच्या शेजारी फोटो स्टुडिओ आहे. निकॉन डी३०० च्या जमान्यातली कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. त्यातलं ४ जीबीचं एक चहावर मिळालं.

कॉम्पॅक्ट फ्लॅशच का, ते सांगतो. सॅनडिस्कने १९९४ मध्ये हे कार्ड आणलं तेव्हाच त्याच्या पोटात आयडीईची भाषा समजणारा कंट्रोलर होता. कार्डाला ५० पिना. चालू होताना त्यातली ९ नंबरची पिन ग्राउंडला मिळालेली असली की कार्ड ट्रू आयडीई मोडमध्ये जातं आणि मदरबोर्डाला ती साधी हार्ड डिस्क वाटते. म्हणून अ‍ॅडॉप्टरवर डोकं असलेली चिप लागत नाही, नुसत्या तारा इकडच्या तिकडे. एसडी कार्डाला मात्र मध्ये दुभाषी चिप लागते, आणि दुभाषी आला की गैरसमज आले.

अ‍ॅडॉप्टर लॅमिंग्टन रोडला मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन आहेच. घेताना लॅपटॉपचा ४४ पिनी आणि डेस्कटॉपचा ४० पिनी यांत गल्लत करू नका. आयडीई केबलीच्या सॉकेटात २० नंबरचं भोक बुजवलेलं असतं, आणि काही अ‍ॅडॉप्टरांवर नेमकी त्याच जागी पिन असते, कारण डिस्क-ऑन-मॉड्यूलला (थेट आयडीई सॉकेटात खोचायची फ्लॅश डिस्क) तिथून वीज देतात. केबल बसेना म्हणून जोर लावू नये. वीज फ्लॉपीच्या छोट्या कनेक्टरमधून देणार असाल तर ती पिन बुडातून कापून टाकावी. कार्डाच्या दोन कडांच्या खाचा कमीजास्त रुंदीच्या असतात, त्यामुळे कॅमेऱ्यात ते उलटं जात नाही. स्वस्त अ‍ॅडॉप्टरला मात्र कडेच्या पट्ट्याच नसतात. तिथे उलटंही जातं आणि तिरकं घातलं तर पिना वाकतात. हळू हाताने, सरळ.

कार्ड प्रायमरीवर मास्टर, सीडी ड्राइव्ह सेकंडरीवर. बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) ऑटो डिटेक्ट, एलबीए (सेक्टर क्रमांकाने मोजायची पद्धत). मग ९८ च्या बूट फ्लॉपीवरून एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम. मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का, असं विचारतं, तिथे वाय. नाहीतर एफएटी१६ होऊन २ जीबीचीच पार्टिशनं पडतात. पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह करायचं, मशीन पुन्हा चालू करायचं, मग फॉरमॅट सी: /एस. त्यानंतर एफडिस्क /एमबीआर विसरू नका. कॅमेऱ्याला कार्डावरून बूट करायचं नसतं, त्यामुळे कार्डाच्या पहिल्या सेक्टरात पार्टिशनचा तक्ता असतो पण बूट करणारा कोड असेलच असं नाही. तो नसला की काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. कार्ड खराब निघालं म्हणून फेकून देणारे बरेच लोक इथेच थांबलेले असतात.

पुढे स्मार्टड्राइव्ह (डॉसचा डिस्क कॅशे) चालू करून सीडीवरचा विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवला आणि सेटअप तिथूनच चालवला. स्मार्टड्राइव्हशिवाय डॉसमधली कॉपी रखडत चालते. फोल्डर डिस्कवरच असला की नंतर प्रत्येक प्रिंटर टाकताना "सीडी घाला" ही भुणभुण राहत नाही. प्रॉडक्ट की डब्याच्या बाजूच्या स्टिकरवर होती. ९८ ला अ‍ॅक्टिव्हेशन नाही, हे एक सुख.

मशीन आता उठतं, पेजमेकर उघडतं, डोंगल ओळखलं जातं. आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. वेगाबद्दल आणि कार्ड किती टिकेल याबद्दल शंका येणारच, त्या खाली विचारा.

---

अटकमटक

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन भासवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, त्यात ९८. विषय संपला.

---

छापखाना

@अटकमटक, नुसत्या पेजमेकरचा प्रश्न असता तर मीही तेच केलं असतं. खुंटी आहे ती डोंगलची. हे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टाच्या ३७८ या पत्त्यावर थेट जाऊन कुलूप शोधतं. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. यूएसबी ते पॅरलल अशी केबल मिळते, पण ती फक्त प्रिंटर असल्याचा आव आणते, ३७८ वर काहीच दिसत नाही. डेस्कटॉपात पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवता येतं, तर त्याचा पत्ता भलताच असतो. काही व्हर्च्युअल मशीनं खरा पोर्ट आत देतात, पण मुळात तो खरा पोर्ट असलेलं मशीन लागतंच की. मग त्याच मशीनवर ९८ चालू दे.

शिवाय व्हर्च्युअलबॉक्समध्ये ९८ साठी गेस्ट अ‍ॅडिशन्स नाहीत. माउस अडकणार, स्क्रीन १६ रंगांत दिसणार, फाइल बाहेर काढायला आणखी कसरत.

---

सोल्डरगन

लेख छान, पण कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या प्रेमाशी असहमत. माझ्या पेंटियम थ्रीत लॅपटॉपमधून काढलेली १२० जीबीची साटा (आयडीईनंतरची जोडणी) एसएसडी आहे, मध्ये साटा ते आयडीई ब्रिज. ८० तारांची केबल लावली की यूडीएमए ६६ मिळतो. तुमच्या जुन्या कार्डाला पीआयओ ४ (प्रोसेसरने स्वतः डेटा वाहायचा जुना मोड), म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ एमबी. गोगलगाय.

---

छापखाना

@सोल्डरगन, मान्य, वेग तुमचाच. पण त्या काळचा पेजमेकर १६ एमबीतही पळतो, कारण फ्लॅशला हेड हलवायचं नसतं. बूट होताना फरक जाणवतो तो त्याचाच.

माझ्या कार्डाला डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा वाहण्याची सोय) मिळाला, हेही सांगून ठेवतो. आधी चिपसेटची आयएनएफ (त्याची ओळख करून देणारी फाइल) टाकावी लागते, कारण ९८ ला ८१० ओळखू येत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंग्जमध्ये डीएमएची खूण करायची. मात्र काही अ‍ॅडॉप्टरवाल्यांनी डीएमएच्या दोन तारा ओढलेल्याच नसतात. अशा ठिकाणी खूण केली की पुढच्या बूटला मशीन गोठतं. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायचं, खूण काढायची.

तुमच्या १२० जीबीच्या डिस्कला बायोसने काही त्रास दिला नाही का?

---

सोल्डरगन

दिला. १९९९ च्या मध्याआधीचे बरेच अ‍ॅवॉर्ड बायोस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की ओळखतानाच अडकून बसतात. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून एचडीपार्म या कमांडने डिस्कलाच सांगितलं की तू ३२ जीबीची आहेस. उरलेली जागा लपते, बायोस खूश. जुन्या आयडीई डिस्कांवर यासाठीच जंपर असायचा.

यावरून आठवलं, भिंती अनेक आहेत आणि एकीमागे एक उभ्या आहेत. ४८६ च्या काळातला बायोस ५२८ एमबीला अडतो, नंतरचा ८.४ जीबीला, मग ही ३३.८ ची. ती ओलांडली तरी ९८ चा मूळचा एफडिस्क ६४ जीबीच्या पुढे चुकीचा आकडा दाखवतो, आणि सर्वांत शेवटी १३७ जीबी. ही शेवटची सगळ्यात वाईट, कारण ती अडवत नाही. ९८ चा डिस्क ड्रायव्हर २८ बिटांचाच पत्ता लिहितो. मोठ्या डिस्कवर तुम्ही त्यापुढे लिहायला गेलात तर आकडा गुंडाळून पुन्हा शून्यापाशी येतो आणि डिस्कच्या सुरुवातीचाच मजकूर खरडला जातो. म्हणजे एफएटीच (कुठली फाइल कुठे आहे त्याचा तक्ता) गेली.

या एका मुद्द्यावर छापखानावाल्यांचं ४ जीबीचं कार्ड शहाणं आहे, कबूल.

---

दोडामार्गकर

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण धागा योग्य वाटला म्हणून विचारतो. रेडियम कटिंगचं दुकान आहे. प्लॉटर सीरियल पोर्टाचा, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालत नाही. मशीन कोअर टू ड्युओ. सीसीटीव्हीचा डीव्हीआर बदलला, त्यातली १ टीबीची साटा डिस्क उरली होती, ती लावली. एक्सपीची सीडी घातली तर निळा पडदा, शेवटी ७बी. एकदा कसाबसा आत गेला तर डिस्क फक्त १२८ जीबीची दाखवतो. डिस्कच गेली आहे का?

---

सोल्डरगन

डिस्कचा दोष नाही, दादा. दोन वेगळे आजार आहेत.

७बी म्हणजे एक्सपीला बूट डिस्क सापडली नाही. एक्सपी २००१ चं, त्याच्या सीडीत एएचसीआयचे (साटाचा नवा मोड) ड्रायव्हर नाहीत. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीई किंवा कम्पॅटिबल करा, पडदा जाईल. (दुसरा रस्ता म्हणजे सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणं. २००१ मध्येही लोक त्याला वैतागलेले होते.)

१२८ चं कारण वर लिहिलेलीच १३७ ची भिंत, फक्त मोजायची पद्धत वेगळी. तुमची सीडी सर्व्हिस पॅकच्या आधीची दिसते. सर्व्हिस पॅक १ पासून एक्सपीला मोठी डिस्क कळते. एसपी२ किंवा एसपी३ असलेली सीडी घ्या.

आता डीव्हीआरच्या डिस्केबद्दल. त्या दिवसरात्र लिहिण्यासाठीच बनवतात, पीसीत बिनतक्रार चालतात. पण तुमची डिस्क तिकडे वर्षानुवर्षं एक क्षणही थांबलेली नाही. आधी लिनक्सवरून स्मार्टचं (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) रीडिंग काढा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य असतील तरच पुढे जा.

आणखी एक. डिस्कवर ॲडव्हान्स्ड फॉरमॅट लिहिलंय का बघा. असेल तर आतले सेक्टर ४ केबीचे आहेत आणि एक्सपीचा सेटअप पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो. ते ४ केबीच्या हद्दीवर बसत नाही, मग प्रत्येक लिखाणाला दोन सेक्टरांची उचलठेव. जीपार्टेडने २०४८ व्या सेक्टरपासून पार्टिशन करून ठेवा आणि एक्सपीला तेच तयार पार्टिशन द्या. एसएसडी लावणाऱ्यांनाही हेच लागू.

---

दोडामार्गकर

मोड बदलला, सेटअप आत गेला. पेंडिंग सेक्टर मात्र निघाले. दुसरी डिस्क बघतो. प्लॉटरसमोर बसून गिऱ्हाईक "ताईचा आशीर्वाद" कापायला सांगतंय आणि इकडे डिस्क मान टाकतेय, हे परवडायचं नाही. धन्यवाद.

---

निळी_शाई

छापखाना काका, तुमचा धागा वाचून मीही बसले. वडिलांचं डीटीपीचं काम होतं, त्यांचा पेंटियम टू अजून आहे. ८ जीबीचं कार्ड घेतलं. लॅपटॉपला यूएसबी रीडर लावून त्यावरच पार्टिशन आणि फॉरमॅट केलं, फाइली टाकल्या, मग कार्ड डब्यात घातलं. "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" येतंय. एफडिस्क /एमबीआर केलं, अ‍ॅक्टिव्हही आहे. तेच कार्ड लॅपटॉपवर वाचलं जातं. आता?

---

छापखाना

@निळी_शाई, ताई, कार्ड चांगलं आहे. पार्टिशन कुठे केलं, तिथे अडलंय. जुना बायोस डिस्क हेड, सिलिंडर, सेक्टर अशा हिशेबात मोजतो. यूएसबी रीडरने एक हिशेब धरून तक्ता लिहिला, तुमच्या पेंटियम टूचा बायोस दुसरा धरतोय. बूट कोड सांगितलेल्या पत्त्यावर जातो तर तिथे दुसरंच काहीतरी. लॅपटॉपला फरक पडत नाही, कारण तो सरळ सेक्टर क्रमांकाने वाचतो.

फाइली बाजूला काढा. कार्ड डब्यातच लावा, बायोसमध्ये डिटेक्ट करून एलबीए ठरवा, आणि मग बूट फ्लॉपीच्या एफडिस्कने जुनं पार्टिशन उडवून तिथेच नवं करा. नंतर त्या बायोसचं सेटिंग बदलू नका. एकदा असं केलं की पुढे फाइली रीडरवरून टाकल्या तरी चालतं.

---

निळी_शाई

झालं! विंडोजचे ढग दिसले. बाबा मागे उभे राहून "साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर आधी टाक" असं सांगत होते.

आता कार्ड झिजण्याची भीती. फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते ना?

---

छापखाना

असते. पण डीटीपीच्या मशीनवर दिवसाला लिहिलं जातं ते किती! सगळ्यात जास्त लिखाण स्वॅप फाइलचं (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती). सिस्टिम.आयएनआय उघडा, ३८६एन्ह या विभागात कॉन्झर्व्हेटिव्हस्वॅपफाइलयूसेज=१ ही ओळ टाका. (अर्थात इंग्रजीत, स्पेस न देता.) मग रॅम संपेपर्यंत ९८ स्वॅपला हात लावत नाही. तुमच्या मशीनला किती रॅम आहे? १२८ असली तर २५६ करा, आणखी बरं.

मात्र ५१२ च्या वर जाऊ नका. कॅशेचा हिशेब बिघडतो आणि भरपूर रॅम असून "मेमरी अपुरी आहे" असं सांगून ९८ उठायचं नाकारतं. व्हीकॅशे विभागात कमाल मर्यादा लिहून हा घोळ सुटतो, पण हौस असेल तरच.

ट्रिम (पुसलेली जागा फ्लॅशला कळवायची सोय) वगैरे विसरा. विंडोजमध्ये तो ७ पासून आला.

---

मिशिगनकर

इकडे थंडीत हेच उद्योग चालतात, त्यामुळे दोन पैसे माझेही.

कार्डाचा खरा फायदा वेग नाही, प्रत काढता येणं हा आहे. ९८, पेजमेकर, फाँट, प्रिंटर, सगळं मनासारखं बसलं की मशीन बंद करा, कार्ड काढून लिनक्सवर डीडी या कमांडने अख्ख्या कार्डाची इमेज घ्या. त्याच क्षमतेचं दुसरं कार्ड भरून पाकिटात ठेवा. पहिलं मेलं तर दुसरं खोचायचं. पण त्याच क्षमतेचं म्हणजे बाहेर लिहिलेला आकडा पाहू नका, सेक्टर मोजा. दोन ४ जीबीची कार्डं काही हजार सेक्टरांनी कमीजास्त निघतात. पार्टिशन कार्डाच्या टोकापर्यंत न नेता थोडी जागा सोडलेली बरी.

एक्सपीवाल्यांसाठी : कॅमेऱ्याची बरीच कार्डं स्वतःला रिमूव्हेबल म्हणवतात. ९८ चालवून घेतं, एक्सपी घेत नाही. पहिल्याच पार्टिशनपुरतं बघतं आणि स्वॅप फाइलवरून कुरकुर करतं. औद्योगिक वापराची कार्डं फिक्स्ड असतात, ती घ्या. हिताचीच्या मायक्रोड्राइव्हसाठीचा फिल्टर ड्रायव्हर बदलून कार्डाला फिक्स्ड भासवायची युक्तीही आहे, पण ती विंडोज चढल्यानंतरची.

---

अटकमटक

एवढं सगळं करून फाइल अडकलेली त्या डब्यातच ना? डोंगल गेलं की पुन्हा शून्य.

---

छापखाना

हा प्रश्न बरोबर विचारलात. डब्यात अडकवून ठेवायच्याच नाहीत. मी सध्या काय करतोय ते सांगतो.

९८ मध्ये पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी प्रिंटरची भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर टाकलाय, पोर्ट "फाइल". प्रत्येक जुनी स्मरणिका पेजमेकरमध्ये उघडून त्या प्रिंटरवर सोडतो, फाँट आत बसवायचा पर्याय चालू ठेवून. निघालेली फाइल कार्डावर पडते. कार्ड रीडरला लावून नव्या मशीनवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ. पानं जशीच्या तशी, जोडाक्षरं शाबूत, पुढे डोंगलची गरज नाही.

मजकूर बदलायचा असेल तर मात्र युनिकोड करावा लागतो आणि ते वेगळं दुखणं. त्या काळचे फाँट ८ बिटांचे, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, रफार मागून. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घालावीच लागतात. विश्वस्तांच्या आडनावात रफार चुकला तर स्मरणिका परत येते, हे प्रेसवाल्यांना वेगळं सांगायला नको.

---

निळी_शाई

पोस्टस्क्रिप्टची युक्ती उत्तम. पण फाइल निघाली की दर वेळी कार्ड बाहेर काढायचं का? पिनांची भीती वाटते. पेन ड्राइव्ह लावला तर ९८ ड्रायव्हर मागतंय.

---

मिशिगनकर

९८ ला पेन ड्राइव्ह आपणहून कळत नाही. सेकंड एडिशनसाठी हौशी मंडळींनी बनवलेला एनयूएसबी ३.६ हा ड्रायव्हर संच मिळतो, इंग्रजी ९८ वर नीट बसतो. आधी इमेज घ्या, मग टाका. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्येच फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस आणि एक्सएफएटी ९८ ला दिसणार नाहीत. आणि पेंटियम टूचे पोर्ट यूएसबी १.१ चे, तेव्हा मोठी फाइल सोडून चहाला जा.

नेटला लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. ९८ चा सपोर्ट ११ जुलै २००६ ला संपलाय आणि आजच्या वेबसाइटी त्याच्या ब्राउझरात उघडतही नाहीत.

---

छापखाना

एनयूएसबी मीही टाकून बघतो, पिनांचा प्रश्न तरी मिटेल. तोवर एक सोय सांगतो : डब्याच्या मागच्या पट्टीवर बसणारा कॉम्पॅक्ट फ्लॅश अ‍ॅडॉप्टर मिळतो, कार्ड बाहेरून काढता-घालता येतं, झाकण उघडावं लागत नाही. त्याला कडेच्या पट्ट्याही असतात. फक्त मशीन पूर्ण बंद केल्याशिवाय हात लावू नका, आयडीईला चालू असताना डिस्क काढलेली कळत नाही. केबल मागपर्यंत पोचते का तेवढं घेण्याआधी मोजा.